दाखल्यावरील रेघेबाबत

नागझरी पोलीस ठाणे, जिल्हा सातारा
तारीख १२ फेब्रुवारी १९४७, बुधवार

नाव नाथाजी बिन धोंडी फडतरे, जात मराठा, वय वर्षे अडतीस, धंदा शेती, राहणार मौजे आसनवाडी.

समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, धंद्याच्या जागी जमादारांनी आधी ‘लष्करातून काढलेला’ असे लिहिले होते. ते मी खोडायला लावले. काढलेला असणे हा धंदा नव्हे. घरी बारा एकर जमीन आहे, ती मी कसतो. घरात माझी पत्नी रंगूबाई, सतरा वर्षांची मुलगी अंजना, धाकटा भाऊ लालासाहेब आणि त्याची पत्नी एवढी माणसे आहेत. लालासाहेबास मूल नाही. आमचे हिस्से पडलेले नाहीत, चूल एकच आहे. आई अंबूबाई १९४३ साली वारली.

आज सकाळी आठ वाजता मी गावाहून पायी ठाण्यात आलो. मला कोणी पकडून आणलेले नाही. माझ्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही आणि माझीही कोणाविरुद्ध तक्रार नाही. मी आरोपी म्हणून आलो आहे. जमादारांनी सांगितले की तक्रारीशिवाय आरोपी होता येत नाही. ‘घरचं भांडण घरात मिटवा. ठाणं म्हंजे काय तुमचं माजघर हाय व्हय?’ असे ते म्हणाले. मी ओसरीवर बसून राहिलो. दोनदा उठवले, दोनदा पुन्हा बसलो. दुपारी दीड वाजता फौजदारसाहेब बाहेरून आले. ‘लिहून घ्या आणि घालवा’ असा त्यांनी हुकूम केला, म्हणून हा जबाब लिहिला जात आहे.

१९२८ साली मी मराठा पलटणीत भरती झालो. सात वर्षे शिपाई होतो, त्यातली अडीच वर्षे सरहद्दीवर काढली. १९३५ साली मला रिझर्व्हात टाकले. रिझर्व्हातल्या माणसाने घरी शेती करायची, दर दोन वर्षांनी महिनाभर पलटणीच्या डेपोत कवायतीला हजर व्हायचे आणि लढाई लागली तर बोलावणे येताच निघायचे, असा नियम आहे. त्या वेळी मिळालेल्या माझ्या नोकरीच्या बुकात वर्तणुकीच्या रकान्यात ‘फार चांगली’ असा शेरा होता. ते बुक आता माझ्याजवळ नाही.

आमच्या गावची रीत सांगणे जरूर आहे, नाहीतर पुढचे समजणार नाही. आसनवाडीत गावकीची कामे घरावार पाळीने चालतात. पिकाच्या दिवसांतली राखण, ओढ्यावरच्या बांधाची दुरुस्ती, यात्रेत पालखीला खांदा, सगळे पाळीने. ज्या घराची पाळी असेल त्या घरचा एक गडी आला की पाळी भरली. बाप आला की लेक, थोरला आला की धाकटा, हे कोणी विचारत नाही. गावातले त्रेचाळीस लोक पलटणीत होते. पलटणीचे बोलावणेही घरालाच येते अशी सगळ्यांची समजूत होती. सात वर्षे पलटणीत काढूनही माझी तीच समजूत होती, हे मी कबूल करतो.

१९३९ च्या मार्चमध्ये मला कवायतीचे बोलावणे आले. तेव्हा आमच्या विहिरीचे काम चालू होते आणि सुरुंग लावणारे लोक महिनाभरासाठी ठरवलेले होते. मी लालासाहेबास माझ्या जागी पाठवले. तो बावीस वर्षांचा होता आणि चेहऱ्याने माझ्यासारखा आहे. चार दिवस मी त्याला अंगणात कवायत शिकवली. माझा नंबर, कंपनी आणि साहेबांची नावे पाठ करून घेतली. त्याने महिना पुरा केला. कारकुनाने कागद पाहिला, तोंड पाहिले नाही. भागातले ओळखीचे तिघे रिझर्व्हवाले तिथे होते, ते बोलले नाहीत. परत आल्यावर लालासाहेब म्हणाला, ‘दादा, तिथं समदी मला नाथाजी म्हणत हुती. लय बरं वाटलं गड्या.’ आम्ही सगळे हसलो होतो. मीही हसलो होतो.

ही १९३९ ची गोष्ट पलटणीला आजतागायत माहीत नाही. मी ती आज प्रथम सांगत आहे. हा गुन्हा आहे आणि तो मी केला आहे.

१९४० च्या जुलैमध्ये लढाईचे बोलावणे आले. त्या वेळी मी विषमज्वराने अंथरुणावर होतो. ताप सतरा दिवसांचा झाला होता. पोलीस पाटील आकाराम पाटील स्वतः कागद घेऊन घरी आले. त्यांनी मला पाहिले. आई म्हणाली, ‘आवं पाटील, ह्यो उठून बसत न्हाई, कुठं जातोय लढाईला?’ पाटील म्हणाले, ‘घरातला एक गडी गेला म्हंजे झालं. मागच्या येळंला न्हाई का भागलं?’ तापाचा दाखला करून डेपोला कळवावे असे माझ्या मनात आले होते. मी ते बोललो नाही. मी बोलावण्याचा कागद उशाखालून काढून लालासाहेबाच्या हातात दिला. मी बेशुद्ध होतो असे लिहू नये. मी शुद्धीवर होतो.

डेपोत या खेपेस जे हवालदार मेजर होते ते सरहद्दीवर माझ्याबरोबर होते. त्यांनी पाहताक्षणी सांगितले की हा नाथाजी नव्हे. लालासाहेबास साहेबापुढे उभे केले. तिथे त्याने काय सांगितले ते मला गेल्या रविवारपर्यंत माहीत नव्हते. पंधरा दिवसांनी त्याचे कार्ड आले. सरकारला माणसे हवी होती, त्यामुळे त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने भरती करून घेतले होते. माझ्याविषयी कार्डात एवढेच होते की, तुमचंही कायतरी व्हईल, काळजी करू नका.

नोव्हेंबर १९४० मध्ये माझ्या नावाचे पत्र पाटलांकडे आले. ‘सेवेची आवश्यकता उरली नसल्यामुळे नाव कमी करण्यात आले आहे’ एवढाच त्यात मजकूर होता. जुने बुक परत मागवले, ते मी टपालाने पाठवले. त्याच्या बदली एका पानाचा दाखला आला. तो मी सोबत आणला आहे. त्यात वर्तणुकीच्या रकान्यात शेरा नाही. काळ्या शाईची आडवी रेघ आहे. पट्टी लावून मारलेली आहे.

मला डेपोत बोलावले नाही. काही विचारले नाही. आरोप ठेवला नाही, कोर्ट बसले नाही, शिक्षा झाली नाही. शिक्षा झाली असती तर ती भोगून मी मोकळा झालो असतो. आमच्या गावातला एक जण रजेवरून उशिरा गेला म्हणून अठ्ठावीस दिवस कोठडीत होता. तो आज पेन्शन घेतो आणि ते अठ्ठावीस दिवस चावडीत बसून हसत सांगतो. माझ्याजवळ सांगायला काही नाही. मी डेपोला तीन अर्ज केले. एका अर्जाला उत्तर आले की नाव कमी करण्याचे कारण संबंधित इसमास कळवण्यात येत नाही. १९४१ मध्ये दोनदा मी भरतीला जाऊन रांगेत उभा राहिलो. छाती मोजून झाली, वजन झाले. दाखला दाखवल्यावर दोन्ही वेळा बाजूला काढले.

कारण लिहिलेले नसल्यामुळे ते ज्याने त्याने आपापल्या मनाने घातले. १९४२ नंतर या ठाण्याच्या शिपायांनी माझ्या घराची तीन वेळा झडती घेतली. पलटणीतून काढलेला आहे, म्हणजे भूमिगत लोकांना बंदुका चालवायला शिकवत असेल, असा त्यांचा समज होता. तिसऱ्या झडतीत, ऐन पावसाळ्यात, धान्याची पोती अंगणात फोडली. आज हा जबाब लिहिणारे जमादार त्या वेळी हजर होते, त्यांना आठवत असेल. त्याच पावसाळ्यात भूमिगत लोकांनी मला रानात नेऊन एक दिवस बसवून ठेवले. सरकारने खटला भरला नाही, म्हणजे मी सरकारचा खबऱ्या असणार, असा त्यांचा समज होता. दोघांनीही मला एकच प्रश्न विचारला. खटला न भरता तुला का सोडला? गावात मला समोर कोणी काही म्हणत नाही. माघारी ‘रेघवाले’ म्हणतात. बांधावरून जाताना पोरी आमच्या अंजनाला ‘रेघवाल्याची’ म्हणतात असे रंगूबाईने सांगितले. अंजनाने मला कधी सांगितले नाही.

लालासाहेब इटलीत होता. गेल्या ऑक्टोबरात हवालदार होऊन परत आला. त्याच्या बुकात वर्तणुकीच्या रकान्यात ‘आदर्श’ असा शेरा आहे. जिल्ह्याच्या हत्यारी पोलिसात त्याची निवड झाली आहे. एक मार्चला त्याला हजर व्हायचे आहे.

रविवार तारीख ९ रोजी सकाळी दहा वाजता अंजनास पाहायला पिंपरदऱ्याचे सुभेदार हंबीरराव निकम आले. त्यांचा मुलगा पलटणीत नायक आहे. त्यांच्याबरोबर चार माणसे होती. आमच्या बाजूने आकाराम पाटील आणि पेन्शनर नायक कोंडीबा साळुंखे होते. आमच्या भागात पलटणीतल्या घरांत सोयरीक जमवताना पत्रिका बघत नाहीत, बापाचे बुक बघतात. बुक घोंगडीवर ठेवायचे, इंग्रजी वाचता येणाऱ्या पेन्शनराने ते मोठ्याने वाचायचे, मग साखर वाटायची. कोंडीबा गेली वीस वर्षे भागातली बुके वाचतात. त्या दिवशीही ते म्हणाले, ‘पत्रिकेत मंगळ असला तर भटजी शांत करतोय. बुकात शिक्षेची तांबडी शाई असली तर ती कोण शांत करणार?’ सगळे हसले.

बुक ठेवायची वेळ आली तेव्हा मी दाखला आणायला उठत होतो. तेवढ्यात लालासाहेबाने स्वतःचे बुक घोंगडीवर ठेवले. त्याने मला आधी विचारले नव्हते. सुभेदारांनी विचारले, ‘पोरीचं वडील नाथाजीराव न्हवं का?’ लालासाहेब म्हणाला, ‘घर एक, चूल एक, बुक बी एकच.’ पाटील म्हणाले, ‘आमच्या गावात असंच असतंय सुभेदार. घरातला एक गडी पुढं झाला की झालं.’ कोंडीबांनी बुक वाचले. सुभेदारांनी ते हातात घेऊन कपाळाला लावले आणि परत ठेवले. साखरेची परात बाहेर आली.

मी म्हणालो, ‘थांबा. पोरीचा बाप मी हाय.’ मी आत जाऊन दाखला आणला आणि त्या बुकावर ठेवला. पाटील माझा हात धरून म्हणाले, ‘नाथाजी, जमलेलं मोडू नगंस. खाली बस.’ मी बसलो नाही. कोंडीबांनी दाखला उचलला आणि नुसता पाहिला. सुभेदार म्हणाले, ‘वाचा की.’ कोंडीबा म्हणाले, ‘वाचाय काय न्हाई. रेघ हाय.’

सुभेदारांनी मला विचारले, ‘रेघ कशाची?’ सहा वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच सरळ विचारला गेला. मी उभ्यानेच सगळे सांगितले. मी तापाने अंथरुणाला खिळलो होतो, माझ्या जागी भाऊ गेला, तो ओळखला गेला, म्हणून माझे नाव कापले. सुभेदारांनी ऐकून घेतले. त्यांचा चेहरा वाईट झाला नव्हता. ते म्हणाले, ‘आजारी माणसाचं नाव असं कापत न्हाईत. आजारी माणसाला दवाखान्यात धाडत्यात.’ त्यांनी लालासाहेबाकडे पाहिले.

लालासाहेब म्हणाला, ‘आजारी कुठला? दादाला यायचं नव्हतं. सायबाला बी मी त्या दिवशी हेच सांगितलंय.’

यावरून मला कळले की रेघ कशाची आहे.

माझ्या पायापाशी पाण्याने भरलेला तांब्या होता. तो उचलून मी लालासाहेबास मारला. एकदाच मारला. तांब्या कपाळास डाव्या बाजूस लागला. दोन बोटे जखम झाली, पुष्कळ रक्त आले. रागाच्या भरात मारला असे लिहू नये. नेम धरून मारला. अंजना त्या वेळी चहा घेऊन दारात उभी होती असे रंगूबाई सांगते. मी त्या बाजूला पाहिले नाही.

सुभेदार उठले. जाताना ते मला म्हणाले, ‘नाथाजीराव, पोरगी आमाला पसंत हाय. पर एका मांडवात दोन बाप न्हाई चालायचं.’ साखर वाटली गेली नाही.

लालासाहेबाने तक्रार दिलेली नाही. उंबऱ्याला अडखळून पडलो असे तो गावात सांगतो. रविवारपासून आम्ही एका घरात आहोत. तो सोप्यात जेवतो, मी गोठ्यात जेवतो. मंगळवारी संध्याकाळी अंजना गोठ्यात भाकरी घेऊन आली. म्हणाली, ‘आबा, मला तिकडंच द्या. बुक कुणाचं बी असू द्या.’ मी भाकरी खाल्ली. आज पहाटे उठून मी इकडे निघालो.

विचारल्यावरून सांगतो की, माझ्या आजाराला पुरावा असा की, औषध देणारे वैद्य १९४४ साली वारले. आई वारली. रंगूबाईस माहीत आहे. बायकोची साक्ष कोणी धरत नाही असे जमादारांचे म्हणणे पडले. आकाराम पाटलांनी मला तापात पाहिले आहे. त्यांना मी सोमवारी चावडीत विचारले. ते म्हणाले, ‘सहा वरसं झाली रं. गावात तवा कुणाला ताप नव्हता?’

फौजदारसाहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, मला नुकसानभरपाई नको, बुक परत नको, नाव परत लावून नको. माझ्यावर खटला भरावा एवढेच माझे म्हणणे आहे. १९३९ साली माझ्या नावावर दुसरा माणूस पाठवला, हा गुन्हा मी कबूल करतो. तो माणूस लालासाहेब. या गुन्ह्याची चौकशी लागली म्हणजे १९४० चीही लागेल. मग ताप होता की नव्हता हे कोणाला तरी शपथेवर सांगावे लागेल आणि ते कागदावर येईल. फौजदारसाहेब म्हणाले, ‘चौकशी लागली तर तुमच्या भावाची नेमणूक थांबेल, माहीत आहे ना?’ मला माहीत आहे.

जबाब येथपर्यंत आला असता दुपारी तीनच्या सुमारास लालासाहेब व कोंडीबा साळुंखे ठाण्यात आले. लालासाहेबाच्या डोक्याला पट्टी होती. जमादारांनी त्याला बसायला खुर्ची दिली. मी सकाळपासून जमिनीवर बसलो होतो.

कोंडीबांनी सुभेदारांचा निरोप सांगितला. ‘लगीन वैशाख शुद्ध सप्तमीला. कन्यादान लालासाहेबानं आन त्येच्या बायकूनं करायचं. तुमी मांडवात यायचं न्हाई. आन हे ठाण्याचं झेंगाट आजच्या आज मिटवायचं.’

लालासाहेब म्हणाला, ‘दादा, जबाब मागं घ्या. मारलंसा, मी काय बोललो का? अंजीचं मी बगतो. माझी काय ती पोरगी न्हाई व्हय?’

मी म्हणालो, ‘तुज्या तोंडानं एकदा सांग. मी आजारी हुतो का न्हाई?’

तो म्हणाला, ‘आता सांगून काय हुणार?’

मी म्हणालो, ‘सांग.’

तो म्हणाला, ‘हुता की आजारी. पर तसं सांगितलं असतं तर सायबानं मला माघारी धाडलं असतं आन तुमच्या नावाची वाट बगितली असती. जलमभर तुमच्या मागं औत हाकत बसलो असतो. मला जायचं हुतं.’

मी जमादारांना म्हणालो, ‘हे लिहा.’ लालासाहेब म्हणाला की मी काही बोललोच नाही. जमादार म्हणाले की त्यांनी काही ऐकले नाही, ते दौतीत शाई घालत होते. मी कोंडीबांना विचारले. ते म्हणाले, ‘मला अलीकडं कमी ऐकू येतंय गड्या.’ तरी मी हट्ट धरल्यावरून वरील बोलणे माझे म्हणणे म्हणून लिहिले आहे. ते इतर कोणी ऐकले नाही, असेही लिहिले आहे.

फौजदारसाहेबांनी मला विचारले की मुलीचे जमत असताना हा जबाब राहू द्यायचा की फाडायचा. मी कोंडीबांना विचारले, ‘लगीन लागल्यावर पिंपरदऱ्याला ह्यातलं कायबी कळलं, तर पोरीला माघारी धाडतील का?’ कोंडीबांना हे ऐकू आले. ते म्हणाले, ‘एकदा उंबऱ्याच्या आत आली की ती निकमांची. कुठला कागद आला म्हणून निकमांनी सून माघारी धाडल्याली कवा ऐकलीया का?’ हे मी त्यांच्याकडून तीन वेळा वदवून घेतले. खोलीत सर्वांनी ऐकले आहे.

तरी माझे म्हणणे पुढीलप्रमाणे आहे. हा जबाब फाडू नये. सुभेदारांच्या अटी मला मान्य आहेत. मी मांडवात जाणार नाही. त्या दिवशी गावात राहणार नाही. कन्यादान लालासाहेबाने करावे. लग्न लागेपर्यंत हा कागद ठाण्याबाहेर जाऊ नये आणि लग्न लागल्यावर एक दिवसही ठाण्यात राहू नये. वैशाख शुद्ध अष्टमीस सकाळी आठ वाजता मी आरोपी म्हणून येथे हजर होईन आणि कागद डेपोला व पोलीस मुख्य कचेरीला रवाना झाल्याची पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. फौजदारसाहेब म्हणाले की ठाण्याचा कागद कधी पाठवायचा हे ठाणे ठरवील. मी सांगितले की तसे असेल तर याच मजकुराचा अर्ज माझ्या हाताने लिहून तयार आहे. तो मी आजच रजिस्टर टपालाने टाकतो. मग फौजदारसाहेबांनी कागदाच्या कोपऱ्यावर रवानगीची तारीख घातली. ती अष्टमीची आहे हे मी पंचांग मागून घेऊन पाहिले.

लालासाहेब खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, ‘म्हंजे माझ्याकडनं कन्यादान करून घ्यायचं, आन दुसऱ्या दिवशी मला बुडवायचं व्हय?’

मी होय म्हणालो.

तो म्हणाला, ‘आन मी न्हाईच केलं तर?’

मी म्हणालो, ‘तर कागद आज जाईल. एक मार्च लांब हाय, त्याच्या आदी पोचंल.’

लालासाहेबाने पट्टीला हात लावला. मग त्याने कोंडीबांना विचारले की मुहूर्त सकाळचा आहे की गोरज.

हा सर्व मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचून दाखवला. लालासाहेब व कोंडीबा ओसरीवर उभे राहून ऐकत होते. वाचून झाल्यावर कन्यादानासंबंधीची शेवटची वाक्ये गाळावीत का, असे जमादारांनी मला विचारले. गाळू नयेत असे मी सांगितले. मी जसे बोललो तसेच लिहिले आहे, कमी नाही, जास्त नाही. कोणाच्या दडपणाखाली सांगितलेले नाही. खाली सही करतो.

नाथाजी धोंडी फडतरे
दस्तुर खुद्द